सोमवार-गुरुवारचे टक्के

॥ श्री ॥

शहापूर,
शुक्रवार, १५ मे

प्रिय काजल,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरात सगळं ठीक आहे. हे फोनवर बोलता आलं नसतं. फोन स्पीकरवर लावल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की तुझे बाबा पेपर मांडीवर ठेवून कान देतात. पुढच्या गुरुवारी कल्याणचा माणूस गाडी न्यायला येणार असं तू कळवलंस. आज स्पीड पोस्टानं टाकलं तर मंगळवारपर्यंत बंगळुरात मिळेल असं पोस्टातला म्हणतो. म्हणून पूजा आटोपून, कुकर लावायच्या आधी लिहायला बसलेय. माझी वही शेजारी आहे. गाडी विकायच्या आधी त्या वहीतले आकडे तू नीट वाचावेस, एवढं आधी सांगते. बाकीचं ओळीनं येईल.

दिवाळीत तुझी ही विजेवरची गाडी आमच्याकडे ठेवून जाताना तूच मला ही वही लावून दिलीस. कंपनीच्या कागदावर एका चार्जिंगला साडेचारशे किलोमीटर लिहिलंय, खरी किती जाते ते लिही, म्हणालीस. तुझ्याइतकं चोख कोणी लिहिणार नाही. ते मला आवडलं, खोटं कशाला सांगू. पहिल्या पानावर कुंकू लावून रकाने आखले: तारीख, निघताना किती टक्के, आल्यावर किती टक्के, किलोमीटर, कुठे. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावला की वही घेऊन गाडीत जाऊन बसायचं आणि पडद्यावरचे आकडे उतरवायचे. शेजारची सुंदरा विचारायची, काकी, गाडीला पण आरती करता का? म्हटलं, हो, हिचं देणं-घेणं रोजच्या रोज मिटवलेलं बरं.

पहिल्या पंधरा दिवसांतच मला कंपनीचा संशय आला. साडेचारशे कुठले, एका टक्क्याला तीन किलोमीटर, म्हणजे भरल्या गाडीला तीनशे. तू म्हणालीस, आई, कागदावरचं नेहमीच जास्त असतं, तीनशे म्हणजे छान. मला ते पटलं नाही. किलोभर तांदूळ सांगून कोणी पाऊण किलो दिला तर आपण छान म्हणू का? मग रुपामावशीला विचारलं. त्यांची गाडी दुसऱ्या कंपनीची, आपल्यापेक्षा जड. तुझे सुदामकाका मुरबाडभर सांगत फिरतात, माझी साडेतीनशेच्या खाली बात नाय. रुपा हळूच म्हणाली, अगो ताई, एसी बंद, काचा बंद आणि चाळीसचा स्पीड. परवा कल्याणच्या रस्त्याला आम्हाला एक बैलगाडी हात करून गेली. म्हणून जानेवारीत आम्ही दोघी बहिणींनी ठरवून परीक्षा घेतली. एकाच दिवशी, एकामागे एक, दोन्ही गाड्यांत दोन-दोन माणसं, एसी चोविसावर, शहापूर ते मुरबाड आणि परत. ऐंशी किलोमीटरला आपल्या गाडीनं सव्वीस टक्के खाल्ले, त्यांच्या गाडीनं अठ्ठावीस. म्हणजे आपली टक्क्याला तीनाच्या थोडी वर आणि त्यांची थोडी खाली. सुदामकाका आठ दिवस बोलले नाहीत.

हे तुला माहीत आहे. होळीनंतरचंही थोडंफार माहीत आहे, कारण ते मीच तुझ्या कानात घातलं. पण मी कसं कसं बघितलं आणि काय काय समजले, ते ओळीनं सांगते.

होळीनंतर वहीतले आकडे बिघडले. रोज नाही. फक्त सोमवारी आणि गुरुवारी. एकशे दहा किलोमीटर, हिशेबानं पस्तीस-छत्तीस टक्के जायला हवेत, तर पंचेचाळीस गेलेले. बुधवारी किन्हवलीला लग्नाला गेलो, बरोबर तीनाचा हिशेब. शुक्रवारी आसनगाव स्टेशनला, बरोबर. सोमवार आला की परत नऊ-दहा टक्के गडप. मी मनात म्हटलं, सोमवारी मी उपाशी असते आणि गाडी जास्त जेवते, हा काय प्रकार? आधी वाटलं बॅटरी गेली. तुला सांगितलं, तू तक्रार केलीस, कल्याणच्या वर्कशॉपवाल्यांनी दिवसभर ठेवून तपासली आणि काहीच नाही म्हणून परत दिली. मग मला त्यांचाच संशय आला. मग वाटलं आपल्या बाहेरच्या प्लगमधून कोणी वीज घेतंय. दोन दिवस खिडकीशी बसून निवडणं-टिपणं केलं, पण एका मांजराशिवाय कोणी फिरकलं नाही. आणि कोणाची चोरी असती तर ती वार बघून कशी झाली असती?

त्या दोन वारी तुझे बाबा जायचे कुठे, तर म्हशाच्या म्हसोबाला. निदान मला सांगायचे तसं. तूच सांग, जन्मात आरतीला टाळी वाजवली नाही या माणसानं. गणपतीत नैवेद्य दाखवेपर्यंत कळ काढत नाहीत, मोदकाला हात घालतात. ते आठवड्यातून दोनदा म्हशाला जातात, आणि येताना ना अंगारा, ना खोबऱ्याचा तुकडा. विचारलं तर म्हणाले, देवळात गर्दी होती. सोमवारी गर्दी एक वेळ समजू, गुरुवारी कसली? किलोमीटर म्हशाला जाऊन येण्याइतकेच, पाच-दहाचा फरक. टक्के मात्र जुळेनात. पाडव्याला गाडीची पूजा करायची म्हणून मागची डिकी झाडायला घेतली, तर तो काळा अडॅप्टर पिशवीसकट जाग्यावर नाही. तोच, जो गाडीच्या चार्जिंगच्या तोंडाला लावला की गाडीतून बाहेर करंट येतो. तू अंगणात मिक्सर लावून चटणी वाटून दाखवली होतीस आणि बाबा लहान मुलासारखे हसले होते. विचारलं तर म्हणाले, असेल माळ्यावर. माळा मी दोन दिवस आधीच झाडला होता.

आणि मग ती अंघोळ. हे मी तुला सांगितलं नव्हतं, लाज वाटली. एका गुरुवारी सकाळी घाईत बिनअंघोळीचे निघाले. दुपारी आले तर केस ओले, मान स्वच्छ, अंगाला चुलीवरच्या पाण्याचा धुरकट वास. काजल, बाहेरून अंघोळ करून आलेला नवरा बघितला की बायकोचं काय होतं ते तुला लग्नानंतर कळेल, किंवा न कळो. मला ते दुसऱ्यांदा झालं. पहिल्यांदा झालं तेव्हा तू साडेतीन वर्षांची होतीस. तेव्हा बाबा डेपोची मुक्कामी गाडी चालवायचे. संध्याकाळची शेवटची एसटी घेऊन सिद्धगडाखालच्या वाडीला जायचं, रात्री तिथंच झोपायचं आणि सकाळची माणसं घेऊन परत यायचं. तेव्हाही ते असेच अंघोळ करून यायचे, असाच धुराचा वास. डेपोतल्या क्लीनरची बायको गुणाबाई नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, तुमच्या मालकांचा मुक्काम म्हणजे सासुरवाडीच हो, सकाळी गरम पाणी पण मिळतं. बायका हसल्या. त्या हसण्याचं पुढं मी काय केलं ते नंतर सांगते.

गेल्या महिन्यात तू म्हणालीस, आई, ॲपवर बघितलं, म्हशाच्या पुढे गाडी नकाशावरून गायब होते आणि तीन-साडेतीन तासांनी परत दिसते. त्या दिवशी मी जेवले नाही. तुला जे सांगितलं ते त्याच दिवशी, बाबा बाहेर असताना सांगितलं, की बाबांचं लक्षण ठीक नाही, तिकडे कोणीतरी आहे. तू म्हणालीस, मग गाडीच नको, विकून टाकते, फेऱ्याच बंद होतील. मी नको म्हटलं नाही. तेव्हापासून तू बाबांशी बोललेली नाहीस, पाच आठवडे झाले. त्यांना वाटतं तुला काम आहे. रविवारी गाडी पुसताना म्हणतात, पोरगी येईल तेव्हा तिला नव्यासारखी दिसली पाहिजे.

मला मात्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडेना. गेल्या रविवारी कुरडया करायला जाते असं सांगून मी एसटीनं रुपाकडे गेले. तिला सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं, तर तिनं किल्लीच काढली. म्हणाली, उद्या जाऊ मागं. सोमवारी सकाळी आम्ही म्हशाच्या रस्त्याला एका चिंचेखाली गाडी लावून बसलो. आपली गाडी समोरून गेली. देवळाकडे वळलीसुद्धा नाही, सरळ डोंगराच्या बाजूला लागली. दोन्ही गाड्यांना आवाज नाही, म्हणून त्यांना मागची चाहूल नाही. पण रुपाच्या गाडीत एकतीसच टक्के. सुदामकाकांनी रात्री प्लग लावला आणि भिंतीवरचं बटण चालू करायचं विसरले. चढ लागला तसे टक्के गळायला लागले, एकतीस, तीस, अठ्ठावीस. रुपानं एसी बंद केला. मे महिन्याची काहिली, काचा खाली घ्याव्यात तर धूळ. मी वहीनं वारा घेत होते आणि ती स्टिअरिंगला कवटाळून म्हणत होती, ताई, भावजींचं काय पण असूदे, आपण इथं अडकलो तर ह्यांना काय सांगू? मी म्हटलं, कुरडया घालायला गच्ची शोधत होतो म्हणून सांग. इतक्या संकटात आम्ही दोघी हसलो.

गाडी जिथं थांबली ती जागा मी लगेच ओळखली. तीच वाडी. सव्वीस वर्षांत घरांवर पत्रे आले, टाकी आली, एवढाच फरक. ज्या वाडीचं नाव आपल्या घरात कधी निघालं नाही आणि का निघालं नाही ते तुला ठाऊक नाही, तीच. आम्ही खाली मोहाच्या झाडाखाली गाडी ठेवून चालत वर गेलो. वाटेत विजेचे खांब आडवे पडलेले, तारा झुडपांत. वाडीत करंट नाही हे उघड दिसत होतं, आणि तरी कुठंतरी मोटारीचा आवाज येत होता.

आपली गाडी टाकीपाशी उभी होती. चार्जिंगच्या तोंडाला तो काळा अडॅप्टर. त्यातून एक जाड वायर निघाली होती आणि दगडांवरून, करवंदीच्या जाळीतून, उतारावरून खाली विहिरीपर्यंत गेली होती. खाली विहिरीच्या कडेला एक माणूस बनियनवर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाइप धरून बसला होता. पाठ आमच्याकडे. ती पाठ मी चौतीस वर्षं ओळखते. वर टाकीत धो धो पाणी पडत होतं आणि सहा-सात म्हातारी माणसं हंडे घेऊन सावलीला बसली होती, काही घाई नसल्यासारखी. धडधाकट माणसं सगळी वीटभट्टीवर, आखाडीच्या आधी, पाऊस लागेपर्यंत, येणार नाहीत. मागं उरली ती म्हातारी आणि बकऱ्या.

तिनं मला आधी ओळखलं. जिच्यावर तेव्हा माझा संशय होता त्या बुधीनं. नवरा गेलेली, तेव्हा पस्तिशीची, काळी सतेज बाई होती. आता केस पांढरे आणि कमरेत वाकलेली. उठली, जवळ आली, खालून वर बघितलं आणि म्हणाली, बस गो, लांबून आलीस. मग तिनंच सांगितलं, तिच्या बोलीत, जसं शेतातलं सांगावं तसं. होळीच्या आधी वारा सुटला, खांब पडलं. मोटार हाय, इहिरीत पानी हाय, करंट नाय. इहीर खाली, आमी वर, आन् आमची गुडगी ही अशी. आमचा महादू सरळगावच्या बाजारात गेलेला, तर तुजा डायवर भेटला. त्यानं इचारलं, वाडी कशी हाय? ह्यानं सांगितलं, तहानलीय. सोमवारी गाडी घेऊन हजर. आमाला वाटलं टँकर आला, तर ह्यो गाडीला वायर लावतोय. महादू म्हनाला, ह्याला उनाचं लागलं. मग मोटार फिरली.

मी विचारलं, पैसे? तेवढंच तोंडातून निघालं, सवयीनं. ती हसली. म्हणाली, पैसं कसलं, मुक्कामाचं पानी फेडतो म्हनतो. तेव्हा वाडीत पद्धत होती गो, सकाळी पयली बादली डायवर-कंडक्टरची. ऊन ऊन. आज ह्या घरची, उद्या त्या घरची, पाळी लावलेली. माज्या घरची पाळी आठ दिवसांनी यायची. हे शेवटचं तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं. तिला सगळं ठाऊक होतं, तेव्हाही आणि आताही. इतक्यात कोणीतरी खाली हाक मारली, ओ डायवर, पानी निवतंय, बादली काढलीय. कुडाच्या आडोशाला चुलीवर पाणी तापलेलं होतं. अजूनही पहिली बादली त्यांचीच.

मी उठले, त्यांनी बघायच्या आत निघायचं होतं. तेव्हा बुधी आत गेली आणि तांब्या घेऊन आली. माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, आज निर्जळी नाय ना?

काजल, आता ते सांगते. तू साडेतीन वर्षांची असताना, नळावर बायका हसल्या त्याच संध्याकाळी, मी तुला कडेवर घेऊन बाबांच्याच मुक्कामी गाडीत बसले आणि वाडीला गेले, बघायला. बघण्यासारखं काही नव्हतं. बाबा आणि कंडक्टर देवळाच्या ओट्यावर झोपले, मला आणि तुला बुधीनं आपल्या घरात घोंगडी टाकून दिली. आणि आल्या आल्या घासून लख्ख केलेल्या तांब्यात पाणी दिलं. मी ते घेतलं नाही. आज माझी निर्जळी आहे, म्हटलं. निर्जळी नव्हती. तू तिचा तांब्या ओढून घटाघटा प्यालीस आणि मी तुझ्या हातावर मारलं. ते तिनं बघितलं. संशयापायी घेतलं नाही की आणखी कशापायी, ते त्या देवाला माहीत, मी खोलात गेले नाही कधी.

या सोमवारी मी प्याले. सोमवार होता, माझा उपास होता, पण पाण्याला कसली आडकाठी. दोन तांबे प्याले. रुपानं तिसरा घेतला. बुधी म्हणाली, डायवरला नाय सांगत मी, तू आलेलीस म्हनून. उतारावर बॅटरी आपोआप थोडी भरते, तसे परतताना रुपाच्या गाडीचे दोन टक्के परत चढले आणि ती देवाला हात जोडत होती. मी वही उघडून हिशेब मांडत होते. तीन तास मोटार चालली की नऊ-दहा टक्के. ते वजा केले की सोमवारचा आणि गुरुवारचा हिशेब बरोबर बसतो, प्रत्येक वारचा, मी होळीपासूनचे सगळे तपासले. तुझी गाडी टक्क्याला तीनाच्या वर जाते, अजूनही, रुपामावशीच्या गाडीपेक्षा सरस. बॅटरीत दोष नाही. माझ्या वहीत पाण्याचा रकाना नव्हता. तो मी आता आखलाय. काल गुरुवार होता. किलोमीटर एकशे दहा, टक्के चव्वेचाळीस, पाणी: टाकी काठोकाठ असावी, कारण बाबा अंघोळ करून आले.

तर कल्याणच्या माणसाला नको म्हणून कळव, आणि वर्कशॉपची तक्रार मागे घे. एवढ्यासाठी फोनही चालला असता. पत्र लिहिलं ते दुसऱ्यासाठी. त्या वाडीहून परत आल्यावर मी बाबांचा हात धरून तुझ्या डोक्यावर ठेवला होता आणि वदवून घेतलं होतं, पुन्हा त्या वाडीत पाऊल टाकणार नाही, त्यांच्या घरचं पाणी पिणार नाही. त्यांनी का ते न विचारता शपथ घेतली आणि डेपोत मुक्काम बदलून घेतला. सव्वीस वर्षं पाळली. तुझ्या डोक्याची म्हणून पाळली. होळीपासून ते त्या दोन्ही वारी ती मोडून येतात, आणि तुझा फोन येत नाही तेव्हा तुझ्या फोटोकडे बघत बसतात. मला वाटायचं चोरी लपवतायत, आता कळतंय की त्यांना भीती वाटते, तुला काही होईल म्हणून. मंगळवारी मी देवीपुढे नारळ फोडून आले, पण शपथ माझ्या गळ्याची नाही, तुझ्या डोक्याची आहे. ज्याच्या डोक्याची त्यानंच सुटली म्हणायचं असतं. येत्या गुरुवारी गाडी न्यायला माणूस येणार होता त्या सकाळी, गाडी नकाशावरून गायब व्हायच्या आत तू फोन कर, माझ्या नाही, बाबांच्या फोनवर. कुठे आहात, विचारू नकोस. एवढंच म्हण, बाबा, सुटली. ते विचारणार नाहीत काय ते. मी तेव्हा शेजारीच असेन, गाडीत, वही घेऊन. या वेळी मला बरोबर न्या असं मी आज त्यांना सांगणार आहे.

तुझीच,
आई